काढून टाकण्याचा हक्क

मोबाइलमधला एखादा फोटो काढून टाकायचा म्हटलं, तर यंत्र किती अदबीनं वागतं पाहा! आधी विचारतं, ‘नक्की ना?’ ‘हो’ म्हटलं तरी लगेच फेकत नाही, टोपलीत नेऊन ठेवतं. ती टोपली पुढे महिनाभर कोपऱ्यात तशीच. लग्नातला नको त्या नातेवाइकाचा फोटो रागाच्या भरात काढला आणि राग निवळल्यावर गुपचूप परत आणला, असं आपल्यापैकी किती जणांनी केलं असेल! रद्दी जशी रद्दीवाला येईपर्यंत दाराआड पडून असते, तशातलाच हा प्रकार.

संगणकाला मात्र आणखी एक तोंड आहे. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. चित्रं नाहीत, माऊसचा बाण नाही, टोपली तर नाहीच. आपण आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं, यंत्रानं ती पाळायची. याला म्हणतात कमांड लाइन. इथे काढून टाकण्याची आज्ञा आहे दोन अक्षरांची : आरएम. ‘रिमूव्ह’चं ते लघुरूप. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचा पाया घातला, तेव्हा टेलिप्रिंटरसारख्या जड, खडखडणाऱ्या यंत्रावर टाइप करावं लागे. अक्षरं जितकी कमी तितके बोटांचे कष्ट वाचत. तीच आज्ञा आजच्या लिनक्समध्येही जशीच्या तशी चालते. आरएम लिहा, पुढे फाइलचं नाव लिहा, एंटर दाबा. पडद्यावर काहीही उमटत नाही. ‘झालं’ असंसुद्धा नाही. या जगात शांतता म्हणजेच काम फत्ते.

मला हे शिकवलं ते माझ्या सासऱ्यांनी. पत्रकारितेच्या पदविकेत संगणक म्हणजे पान लावण्याचं सॉफ्टवेअर, एवढीच आमची ओळख. अण्णांची वाट निराळी. ते बडोद्याला एका बँकेत होते. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समित्यांनी १९८४ आणि १९८९ साली बँकांच्या संगणकीकरणाचे आराखडे दिले आणि हळूहळू शाखांमध्ये जाडजूड खातेवह्यांच्या शेजारी यंत्रं येऊन बसली. कित्येक शाखांत ती युनिक्सवर चालत. मधोमध एक मोठं यंत्र आणि त्याला जोडलेले सात-आठ पडदे. ते सांभाळायला कोणीतरी हवं होतं. तरुण मंडळी कां-कूं करत होती, तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेल्या अण्णांनी हात वर केला.

त्या वेळची त्यांची शंभर पानी वही आमच्याकडे आहे. डाव्या पानावर आज्ञा, उजव्या पानावर मराठीत अर्थ, समासात लाल शाईचे इशारे. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत : ‘हात लावण्यापूर्वी पीडब्ल्यूडी.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रस्त्यावरचे खड्डे आठवले! पण हे ते खातं नव्हे, बरं का. ही तीन अक्षरांची आज्ञा आपण आत्ता नेमक्या कुठल्या डिरेक्टरीत उभे आहोत, तेवढं सांगते. डिरेक्टरी म्हणजे ज्याला आपण फोल्डर म्हणतो तेच. काढून टाकताना माणूस ‘काय’मध्ये सहसा चुकत नाही, ‘कुठे’मध्ये चुकतो, असं अण्णांचं म्हणणं.

निवृत्तीनंतर घरात जो संगणक आला त्याच्यावर विंडोज एक्सपी होती. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीनं तिची देखभाल थांबवली. यंत्र जुनं, नवी विंडोज त्याला पेलवेना. एका भाच्यानं त्यावर लिनक्स चढवून दिलं आणि काळा पडदा पाहून अण्णांना अगदी माहेरी आल्यासारखं झालं! मग दर दिवाळीला आम्ही बडोद्याला गेलो, की जेवणं आटोपल्यावर त्यांची शिकवणी सुरू. विद्यार्थिनी एकच, मी. मुलगे पळून जात.

डिरेक्टरी काढून टाकण्याच्या दोन तऱ्हा त्यांनी मला आधी सांगितल्या. पहिली आरएमडीआयआर. ही सज्जन आज्ञा. डिरेक्टरी रिकामी असेल तरच काढते. आत एक चिटोरं जरी असलं तरी ‘रिकामी नाही’ म्हणून सांगते आणि हात मागे घेते. दुसरी म्हणजे आरएमलाच ‘आर’ जोडायचं. मग ते डिरेक्टरीत शिरतं, तिच्या पोटातल्या डिरेक्टऱ्यांत शिरतं, त्यांच्याही पोटात शिरतं आणि तळापासून सगळं साफ करत वर येतं. त्यालाच आणखी ‘एफ’ जोडलं, की कुठे शंका येऊन विचारावंसं वाटलं तरी यंत्र विचारत नाही. ‘एफ म्हणजे विचारणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं,’ अण्णा म्हणत. उलट ‘आय’ जोडलं तर प्रत्येक फाइलपाशी थांबून ते विचारतं, ही काढू का? माणसं कंटाळतात. शंभर फाइली असतील तर शंभरदा उत्तर कोण देत बसणार?

कंटाळ्याची किंमत किती होते, याच्या हकीकती या जगात पुष्कळ आहेत. नारायणराव पेशव्यांच्या बाबतीत ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. इथे अक्षरही बदलावं लागत नाही. २०११ साली बंबलबी नावाचा एक छोटा लिनक्स प्रोग्राम लोक आपल्या लॅपटॉपवर बसवत होते. बसवण्याच्या आज्ञांमध्ये एक जुनी डिरेक्टरी आरएमनं काढायची होती. तिचा पत्ता लिहिताना ‘यूएसआर’ या शब्दानंतर एक मोकळी जागा पडली. झालं! यंत्रानं त्या एका पत्त्याचे दोन पत्ते वाचले आणि पहिल्या पत्त्यावर अख्खी यूएसआर डिरेक्टरी होती. बहुतेक सगळे प्रोग्राम तिच्यातच राहतात.

आणि ‘टॉय स्टोरी’? ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना या चित्रपटाविषयी सांगायला नको. त्याचा दुसरा भाग १९९९ साली आला. त्याच्या आदल्या वर्षी तो जवळजवळ पुसला गेला होता. कॅलिफोर्नियातल्या पिक्सार कंपनीत ओरेन जेकब आणि त्यांचे सहकारी वुडी या बाहुल्याची डिरेक्टरी पडद्यावर पाहत होते. यादी पुन्हा मागवली तर फाइली कमी. आणखी एकदा मागवली, आणखी कमी! कोणीतरी, कुठल्यातरी यंत्रावर, चुकीच्या जागी उभं राहून, बहुधा ‘आर’ आणि ‘एफ’ जोडलेलं आरएम सोडलं होतं. आधी टोपी गेली, मग बूट, मग वुडी स्वतः. जेकब यांनी यंत्रांच्या खोलीत फोन करून वीज तोडायला सांगितली, पण तोवर चित्रपटाचा बहुतेक भाग गेला होता. राखीव प्रती होत्या की! पण त्या काही दिवस नीट निघतच नव्हत्या, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

चित्रपट वाचवला तो एका बाळंतिणीच्या घरच्या यंत्रानं. गॅलिन सुसमन या तिथल्या एक प्रमुख तंत्रज्ञ. बाळ झाल्यावर त्या घरून काम करत होत्या, म्हणून चित्रपटाची प्रत अधूनमधून त्यांच्या घरच्या यंत्रावर उतरत असे. ते यंत्र ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलं आणि गाडी जपून चालवत कचेरीत आणलं. तान्ह्या बाळालाच घरी आणत असल्यासारखं! पुढे कथाच मनाला न आल्यानं चित्रपटाचा बराच भाग नव्यानं करावा लागला, ते वेगळं. आणि २०२३ साली पिक्सारनं जी नोकरकपात केली तिच्यात या सुसमनबाईंचंही नाव होतं, तेही वेगळं.

ही गोष्ट अण्णांना फार आवडे. पण सांगून झाल्यावर ते हटकून विचारत, ‘आज्ञा कोणी दिली, ते सोड. त्याला ती देता आली कशी?’ त्या चित्रपटाच्या फाइलींवर काम करणाऱ्या पुष्कळांना तिथे हवं ते लिहायची-पुसायची मुभा होती. काम अडू नये म्हणून दिलेली. अण्णांचा खरा विषय इथून सुरू होई.

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीवर तिघांचे हक्क लिहिलेले असतात : मालकाचे, त्याच्या गटाचे आणि उरलेल्या सगळ्यांचे. हक्कही तीनच. वाचणं, लिहिणं आणि चालवणं. वाचण्याला चार गुण, लिहिण्याला दोन, चालवण्याला एक. बेरीज सात आली म्हणजे सगळं मोकळं, शून्य म्हणजे दार बंद. सीएचमॉड या आज्ञेपुढे तीन आकडे लिहिले, की हक्क बदलतात. ७०० म्हणजे फक्त मालक. ७५० म्हणजे मालकाला सगळं, गटातल्यांना पाहायला मिळेल पण हात लावता येणार नाही, परक्याला काहीच नाही. काही अडलं की ‘७७७ करून टाका’ असा सल्ला द्यायची अनेक जाणकारांना खोड असते. कुलूप उघडेना म्हणून दारच बिजागरीतून काढून ठेवावं, तसं. मला हा सल्ला आळशी वाटतो आणि तो देणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं दार पाहावंसं वाटतं.

इथवर सोपं आहे. गोम पुढे आहे. फाइल काढून टाकण्याचा हक्क त्या फाइलीवर लिहिलेला नसतोच! मला हे पटायला एक अख्खी दिवाळी लागली. फाइल माझी, मी तिच्यावर ‘कोणी लिहू नये’ असं बजावलेलं, तरी दुसरा कोणी ती काढून टाकू शकतो. फाइल ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लिहिण्याचा हक्क त्याला असला, की पुरे.

अण्णांनी उठून कपाटातून रेशनकार्ड आणलं. ‘हे बघ, डिरेक्टरी म्हणजे हे. नावांची यादी. काढून टाकणं म्हणजे यादीतलं नाव खोडणं. त्यासाठी माणसाला हात लावावा लागत नाही. कार्ड ज्याच्या हातात आणि पेन ज्याच्या हातात, त्यानं खोडलं की झालं.’ खरोखर यंत्रही तेवढंच करतं. नाव खोडतं आणि जागा मोकळी झाल्याची नोंद करतं. मजकूर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच पडून राहू शकतो. (म्हणूनच जुनं यंत्र परक्या हाती देताना नुसतं आरएम करून भागत नाही. डिस्क काढून ठेवावी, हे बरं.)

घरच्या यंत्रावर त्यांनी ‘घर’ नावाचा गट केला होता. आई, दोन्ही मुलगे, आम्ही दोघी सुना, नातवंडं, सगळे त्या गटात. ‘सगळ्यांचं’ नावाच्या डिरेक्टरीत आम्ही फोटो टाकायचो. एका सुट्टीत एका नातवानं खेळांसाठी जागा हवी म्हणून आईंनी जमवलेली भजनांची ध्वनिमुद्रणं साफ केली. रडारड झाली. अण्णा पोराला रागावले नाहीत. त्यांनी त्या डिरेक्टरीच्या हक्कांपुढे एक आकडा वाढवला. यादीत शेवटी ‘टी’ हे अक्षर दिसायला लागलं. त्यानंतर कोणीही काहीही ठेवावं, पण काढायचं ते ज्याचं त्यानं, किंवा डिरेक्टरीच्या मालकानं. ही सोय प्रत्येक लिनक्स यंत्रात तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीला आपोआप असते. घरातही असू शकते, हे सुचायला अण्णाच हवेत.

त्याच यादीत आणखी एक ओळ असायची : ‘खाजगी’. हक्क ७००. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. मात्र एकदा त्यांनी मला सुडोच्या यादीत घातलं. सुडो म्हणजे क्षणभर ‘रूट’ होण्याची परवानगी, आणि रूटपुढे कोणाचाही ७०० चालत नाही. हक्कांची ही सगळी व्यवस्था म्हणजे दाराची कडी आहे, तिजोरीचं कुलूप नव्हे. ‘मी नसताना काही अडलं तर असावं कोणाकडे तरी,’ एवढंच ते म्हणाले. मी ते कधी वापरलं नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. दिवसकार्य झालं आणि घरोघरी होतं ते सुरू झालं. मृत्यूच्या दाखल्याच्या वीस प्रती काढल्या. पेन्शन, गॅस, वीजबिल. रेशनकार्डावरून नाव कमी करायला मीच गेले होते. खिडकीतल्या माणसानं काम चोख केलं, वेळही लावला नाही. कागद परत हातात आला तेव्हा मला खुर्ची शोधावी लागली.

मग संगणकाची पाळी आली. धाकटे भाऊजी व्यवहारी. ‘वहिनी, फोटो उतरवून घ्या आणि सगळं उडवा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा मुलगा दहावीला आहे, त्याला देऊ.’ विचार चांगलाच होता. फोटो, भजनं, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. राहिली ‘खाजगी’. भाऊजी म्हणाले, ‘उघडून बघा. एखाद्या ठेवीची नोंद असली तर?’ माझा नवरा म्हणाला, ‘अण्णांनी बंद ठेवलं होतं. न बघता काढून टाक.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघंही माझ्याकडे बघत होते. कारण यंत्राच्या लेखी तो हक्क आता फक्त माझ्याकडे होता. घराच्या लेखी माझा नंबर सगळ्यांत शेवटी.

मी आईंना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, ‘ह्यांनी ते माझ्यापासून लपवलं होतं का ग?’ मी म्हटलं, ‘तसं नाही, आई. स्वतःपुरतं ठेवलं होतं, एवढंच कळतं.’ त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘मला दाखव. एकटीला.’

सुडो पहिल्यांदा वापरलं, की यंत्र पासवर्ड मागण्याआधी छोटंसं प्रवचन करतं. त्यातली पहिलीच सूचना, दुसऱ्याच्या खाजगीपणाचा मान राखा, अशा अर्थाची आहे. एरवी कोणी वाचत नाही. मी वाचली. मग ती डिरेक्टरी न उघडता आईंच्या खात्यात हलवली, मालकी त्यांच्या नावावर केली, हक्क ७००च ठेवला. आता रूट सोडलं तर ती फक्त आईंना दिसणार होती. अक्षरं मोठी करून दिली आणि मी स्वयंपाकघरात गेले. मेथी तशीच पडली होती, ती निवडली.

दीड तासानं हाक आली. आईंनी एका चिठ्ठीवर दोन ठेवींचे आकडे उतरवून ठेवले होते. ‘हे त्याला दे. आणि आता काढायचं कसं, ते सांग.’

एका ओळीत काम झालं असतं. मी ‘आर’ला ‘आय’ जोडलं. यंत्रानं इंग्रजीत विचारलं, या डिरेक्टरीत उतरू का? मी मराठीत सांगितलं. आई म्हणाल्या, ‘उतर म्हणावं.’ हो म्हणायचं असेल तर ‘वाय’, नाही म्हणायचं असेल तर ‘एन’, मग एंटर, एवढं दाखवून मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मागे कळा वाजत होत्या. कधी लागोपाठ दोन-तीन, कधी बराच वेळ काहीच नाही. बाहेरून भाऊजींनी दोनदा विचारलं, ‘अजून झालं नाही?’ यंत्र मात्र प्रत्येक फाइलीला तोच प्रश्न, त्याच स्वरात विचारत राहिलं. त्याला घाई नव्हती.

कळा थांबल्यावर भाऊजी आत आले. ‘झालं ना? आता तो रिकामा फोल्डर तेवढा काढून टाका, वहिनी.’ मी आईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही, म्हणून मी सज्जन आज्ञा लिहिली. आरएमडीआयआर, खाजगी, एंटर. उत्तर आलं, डिरेक्टरी रिकामी नाही.

‘नाहीच आहे,’ आई म्हणाल्या. ‘राहू दे ते यंत्र इथेच.’

भाऊजींनी वाद घातला नाही. त्या दिवाळीत इस्त्रीवाल्याच्या मुलासाठी त्यांनी स्वतः एक जुना लॅपटॉप घेतला आणि भाच्याकडून त्यावर लिनक्स चढवून दिलं. अण्णांच्या वहीची झेरॉक्स मी त्याला पाठवली आहे. परवा त्याचा फोन होता, पहिल्या पानावरच्या पीडब्ल्यूडीचा रस्त्यांशी काय संबंध, म्हणून.